सुपडूनाना आणि शेवटची बादली

सुपडूनाना गिझर बसवायला आले की न्हाणीघराकडे ढुंकूनही बघत नाहीत. ओट्यावर बसतात, चहा बशीत ओततात आणि एकच प्रश्न विचारतात, "तुमना घरमा बठ्ठासना मांगे कोन आंग धोस?" सगळ्यांच्या शेवटी आंघोळ कोण करतं, हे कळल्याशिवाय गिझर किती लिटरचा घ्यायचा, ते नाना सांगत नाहीत.

धरणगावात त्यांचं दुकान आहे. पूर्वी ते बंब दुरुस्त करायचे, आता गिझर विकतात. आमच्या जळगावात मे महिन्यात गच्चीवरची टाकीच बंब होते, त्यामुळे हा धंदा फक्त थंडीचा. पण त्या दोन-तीन महिन्यांत नानांचा रुबाब बघावा! एका डॉक्टरांना हा प्रश्न सुटेना, तर नानांनी त्यांना गिर्‍हाईक असून दुकानातून परत पाठवलं. "पहिले घर जाईसन इचारी या."

माझं गणित मात्र पक्कं होतं. आई, मी, बायको आणि दोन मुलं, माणसं पाच. जुना गिझर दहा लिटरचा होता, आता पंधराचा घेतला की झालं. मोबाईलवर तसं लिहिलेलंच होतं. नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हा त्यांना मी हे ठणकावून सांगितलं.

"मोबाईल आंग धोस का?" नाना म्हणाले.

मग शेवटी आंघोळ कोण करतं? मी आठवून पाहिलं. वीस वर्षांचा संसार, पण सांगता येईना. शेवटी स्वयंपाकघरातून बायकोच म्हणाली, "मीच असते हो नाना. पण मला चालतं गार पाणी."

नानांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "आयकं का सर? चालस म्हनस ना, तिलेच चालत नई!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आख्ख्या तालुक्यात ते याच वाक्यावर गिझर विकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वारी मोटारसायकलवरून हजर, हँडलला स्वतःची बादली. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि जुन्या गिझरवर आमच्या एकेकाच्या आंघोळी लावल्या. मला न्हाताना गाणं म्हणायची सवय आहे, आणि मी बरा गातो असं माझं मत आहे. बाहेर आलो तर नाना गाण्यात गेलेलं पाणी मोजून म्हणाले, "सर, तुमनं गानं दीड बादलीनं शे." आईसुद्धा हसली.

सगळ्यांचं झाल्यावर नानांनी आपली बादली नळाखाली लावली. भरली तसं तिच्यात बोट बुडवलं, मग माझा हात धरून माझंही बोट बुडवलं. डिसेंबरचं पाणी ते, बोट आखडून गेलं. मला लाज वाटली. बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, त्यामुळे आणखीच वाटली. त्याच दिवशी आमच्याकडे पंचवीस लिटरचा गिझर बसला.

पुढच्या आठवड्यात गिझरचं वॉरंटी कार्ड आणायला मी सकाळीच धरणगावला गेलो. दुकान अजून उघडायचं होतं, म्हणून मागच्या अंगणात गेलो, तिथेच त्यांचं घर. नाना न्हाणीघराच्या पायरीवर खांद्यावर टॉवेल टाकून कुडकुडत बसले होते. आत त्यांच्या बायकोची, म्हणजे अक्कांची, आंघोळ चालली होती. बाहेरच्या भिंतीवर गिझर होता तो जेमतेम सहा लिटरचा. मला हसूच फुटलं.

"नाना, गावाला पंचवीस आणि घरी हा?"

नाना हसले नाहीत. "तिना गुडघा दुखतस. बठ्ठं पानी तिलेच लागस."

"मग मोठा बसवा की! दुकान तुमचंच आहे."

नाना आवाज उतरवून म्हणाले, "मोठा बसाडा तं माले बी गरम पानी भेटी. तिले तीस वरीस कोनी दिन्हं?"

म्हणजे तीस वर्षं शेवटची गार बादली अक्कांचीच होती. आम्ही दोघंही बंद दाराकडे बघत राहिलो.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि वाफेबरोबर अक्का बाहेर आल्या. गाल लाल झाले होते, पाऊल सावकाश पडत होतं. "पानी सरनं वाटस," त्या काळजीनं म्हणाल्या, "तुम्हले गार पडी."

"माले चालस," नाना म्हणाले आणि बादली उचलून आत गेले.