मनोहरकाका दोनदा सांगायचे

पुण्यातल्या एका दवाखान्यात मी खिडकीवर बसून पेशंटची नावं पुकारते. हे काम मला जमलं ते लातूरच्या मनोहरकाकांमुळं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहिताना गडबडले तरी मुख्य गोष्ट राहून जायची नाही.

काका प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचे. लातूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं, माइकपुढं त्यांची सगळी नोकरी झालेली. "रेणापूरकडे जाणारी गाडी फलाट चारवर लागत आहे" हे दोनदा म्हणायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. सकाळी त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, "चहा तयार आहे. चहा तयार आहे." खोलीत ते एकटेच असायचे.

मी लोह्याजवळच्या खेड्यातली. आठवीत शाळा सुटली. पुढं डाळमिलमध्ये काम लागलं म्हणून लातूरला मावशीकडं राहायला आले. मावशीच्या आणि काकांच्या खोलीत एकच भिंत. अनोळखी माणसाशी बोलणं मला जमायचंच नाही. दुकानात साखर मागायची तर मी बोटानं पोतं दाखवायची.

काकांना टीव्हीत जायचं होतं. कोणत्याही कार्यक्रमात. टीव्हीखाली 'सहभागी होण्यासाठी' अशी पट्टी फिरायला लागली की ते भिंतीवर थाप मारायचे, "अर्ज सुरू झाले. अर्ज सुरू झाले." मग मी मोबाईल घेऊन जायची आणि ते सांगतील तसं भरायची. स्वयंपाकाच्या स्पर्धेत पदार्थाचं नाव लिहिलं, पिठलं. दुसऱ्या फेरीसाठीचा पदार्थ, घट्ट पिठलं. सासू-सुनांच्या खेळालासुद्धा अर्ज गेला. त्यात त्यांनी मुद्दाम लिहायला लावलं, 'घरात सासू नाही, सून नाही, तरी विचार व्हावा.'

ओटीपी आला की तोही खणखणीत आवाजात, दोनदा. मावशी म्हणायची, "मनोहरभाऊ, समोरच्या पानवाल्यानं एव्हाना भरला असंल तुमचा अर्ज."

"भरू दे की. निवडला तर त्याच्यासंगं जातो."

चट्ट्यापट्ट्याचा कपडा कॅमेऱ्यात नाचतो असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून एक साधा आकाशी शर्ट इस्त्री करून, उशीच्या अभ्र्यात घालून खुंटीला टांगलेला असायचा. तो 'टीव्हीचा'. लग्नाकार्याला जुनाच घालून जायचे.

रविवारी सराव. मी लाटणं हातात धरून कार्यक्रमवाली बाई व्हायचं आणि त्यांना प्रश्न विचारायचे. पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तर म्हणाले, "घाबरून राहिली कशाला? माझ्याकडं बघू नको, लाटण्याकडं बघ. पुकारताना मी तरी कुठं बघितले प्रवासी?" हळूहळू आवाज निघायला लागला. मग चुका काढायचे. "शेवटचा शब्द गिळू नको पोरी, लोकांची गाडी सुटते." आणि, "नाव घेतलं की जरा थांबायचं. हे आपलंच नाव हाय, हे माणसाला कळायला वेळ लागतो."

एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नाही. कार्यक्रमात कशासाठी यायचंय, असं विचारलं की म्हणायचे, "ते माइकपुढंच सांगू."

आणि एक दिवस खरंच फोन आला. बोलणारी मुलगी पुण्याकडची असावी. काकांनी स्पीकर लावला.

"काका, तुम्ही निवड फेरीला यायला तयार आहात?"

"हाव."

"हाव नको काका. बक्षीस मिळो न मिळो, खेळ म्हणून या."

"हाव, हाव."

मावशीनं पदर तोंडात कोंबला. शेवटी मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "ताई, आमच्याकडं हाव म्हणजे हो." अनोळखी माणसाशी मी एका दमात बोललेलं ते पहिलं वाक्य.

निवड फेरी नांदेडला होती. काका आकाशी शर्ट घालून एसटीत बसले, तो चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता. सोबतीला मी. नंबर आला तेव्हा माइकवाला पोरगा म्हणाला, "काका, तीस सेकंदात स्वतःबद्दल सांगा."

काकांनी घसा साफ केला. आणि स्टँडवरचा तो आवाज आला.

"रेणापूरचे विलास." ते थांबले. "जिथं कुठं असाल, तिथून घरी यावं. दादा वाट बघत आहे."

मी दुसऱ्यांदा ऐकायला थांबले. काकांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"आवाज भारी आहे काका," पोरगा म्हणाला. "पण स्वतःबद्दल सांगा ना."

"हेच हाय माझ्याबद्दल."

परतीच्या गाडीत त्यांनी पाठ टेकली. विलास त्यांचा धाकटा भाऊ. दहावी नापास झाला तेव्हा काकांनी त्याला चारचौघांत एक ठेवून दिली. त्या संध्याकाळी तो गेला तो गेलाच. "स्टँडवर रोज एकदा त्याचं नाव पुकारायचो," काका म्हणाले. "कोणत्या तरी गाडीतून उतरंल म्हणून. रिटायर झालो, माइक गेला. टीव्हीचा माइक लई लांब जातो म्हणतात."

माझी शाळा का सुटली, हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. त्याचं कारण मला त्या गाडीत कळलं.

त्यांची निवड झाली नाही. पुढं मी पुण्याला आले. काका फोनवर अजूनही विचारतात, "जेवलीस का? जेवलीस का?" पण आवाज आता बसलाय, दुसरं वाक्य अर्ध्यातच विरतं.

परवा टीव्हीखाली पुन्हा ती पट्टी दिसली. मी अर्ज भरला. निवड या वर्षी होईल, नाहीतर पाच वर्षांनी. पण माइक हातात आला की मी आधी विलास हे नाव घेईन, जरा थांबेन, आणि काकांचं ते वाक्य शेवटचा शब्द न गिळता म्हणेन. दोनदा.