मन्मथप्पांची गरम सीट

एप्रिल महिन्यातली दुपार. त्या वेळेला परभणीत कुत्रंसुद्धा नळाखालची ओल सोडत नाही. आणि आमचे शेजारी मन्मथप्पा अंगणात उभ्या केलेल्या मोटारीत, सगळ्या काचा लावून, डाव्या बाजूच्या सीटवर बसले होते. सदरा घामानं भिजून पाठीला चिकटलेला, डोळे मिटलेले. मी गच्चीवरच्या कुरडया उलट्या करायला निघाले होते, तर हे दृश्य! मला वाटलं, म्हातारा गेला. ओरडत जाऊन काच वाजवली.

अप्पांनी दार उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "सुनंदाताई, जरा बसून बगा बरं. सीट गरम व्हायली का?"

मी बसले आणि किंचाळून उठले. अहो, भाकरी भाजली असती! अप्पांचा चेहरा मात्र उजळला. "व्हायली ना? हीटर चालू झाला म्हणायचा!" संध्याकाळी त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. एप्रिलच्या उन्हात उभी केलेली गाडी हीटरनं तापली की सूर्यानं, हे पेढा तोंडात असताना विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

खरं तर हा प्रश्न त्यांनीच विचारायला हवा होता. मन्मथप्पा म्हणजे आमच्या गल्लीतलं कोर्टच. जन्मभर कोर्टात कारकुनी केली, रिटायर झाले, पण कोर्ट काही अंगातून गेलं नाही. कुणी काही सांगितलं की त्यांचा एकच सवाल, "सबूत काय?" टरबूजवाला म्हणाला, लालभडक निघंल, की अप्पा म्हणणार, "सबूत काय?" तो बिचारा चौकोनी भोक पाडून फोड काढून देतो. अप्पा ती खातात, बोटं पुसतात आणि म्हणतात, "हा या फोडीचा सबूत झाला. बाकीच्या टरबुजाचं काय?" पलीकडच्या घरी बारसं होतं. बायका पाळण्यात वाकून म्हणाल्या, लेकरू अगदी बापावर गेलंय. अप्पा दारात पानसुपारी खात उभे होते, सवयीनं बोलून गेले, "सबूत काय?" ते घर पुढं किती दिवस अप्पांशी बोललं नाही, ते विचारू नका. अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं काय.

असा हा माणूस. कधी सायकलीशिवाय वाहन केलं नाही. आणि एक दिवस नांदेडहून ही जुनीपानी, लांबलचक, परदेशी मोटार घेऊन आला. कुठल्याशा थंड मुलखातून फिरत फिरत आलेली. तिच्या सीटमध्ये म्हणे हीटर होता, बटन दाबलं की सीट गरम. आणि तो बंद पडलेला. सगळी गल्ली हसली. गॅरेजवाला तर पोट धरून हसला. म्हणाला, "अप्पा, परभणीत गरम सीट कामून पायजे? त्या तारा काढून टाका, मी फुकट काढून देतो." अप्पा म्हणाले, "हात लावशील तर बग."

मी हसले नाही. मला महादेवीकाकूंनी सांगितलं होतं.

महादेवीकाकू म्हणजे अप्पांच्या मंडळी. न्हाणीत पाय घसरून पडल्या तेव्हापासून कंबर धरलेली. शेक असला तर बरं वाटायचं, जरा गार लागलं, धक्के बसले की ताठून जायच्या, मग हलवलेलंही सहन व्हायचं नाही. त्यांचं माहेर चुडाव्याला. रेल्वेनं म्हटलं तर ठेसनाच्या पायऱ्या चढणं नशिबात नाही. गाडी घ्यायच्या आदल्या थंडीत अप्पा त्यांना भाड्याच्या जीपमध्ये घालून निघाले. मांडीवर गरम पाण्याची पिशवी, अंगावर दोन गोधड्या. पिशवी गार पडली, काकू कळवळायला लागल्या, अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागलं. तिकडं चुडाव्याला काकूंची आई अंथरुणाला खिळलेली. म्हातारीला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. सून कोण, नातू कोण, काही पत्ता नाही. फक्त रोज सकाळी विचारायची, "म्हादी आली का?" भाऊ फोनवर हे सांगायचा आणि काकू फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायच्या. मला म्हणायच्या, "सुनंदा, तिनं मला वळखणं सोडायच्या आत एकदा जायचंय गं. मग न्हाई गेले तरी चालंल."

म्हणून ती गाडी. पण अप्पांच्या तोंडून हे ऐकाल तर शपथ. विचारलं तर म्हणायचे, "गाडीत जे सामान दिलंय ते चालू पायजे. बंद ठेवायला घेतलंय का?"

मार्गशीर्षात थंडी पडली. आमच्या परभणीची थंडी काही साधीसुधी नसते, कृषी विद्यापीठातला पारा किती उतरला ते पेपरात छापून येतं. अप्पांनी काकूंना गाडीत बसवलं, मोठ्या ऐटीत बटन दाबलं. बटनावरची बत्ती लागली. काकू बसून राहिल्या. चहा पिऊन झाला तरी बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, दगडावर बसल्यावानी वाटायलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सीट गाडीतून बाहेर, ओसरीवर. आधी बॅटरीची तार सोडवली, मग बोल्ट काढले. त्या भानगडीत स्टिअरिंगपुढची कसली तरी लाल बत्ती कायमची लागली. अप्पा म्हणाले, "जळू द्या. गल्लीत काय कमी जळतेत?" आमच्या इकडं एक म्हण आहे, बनी तो बनी, नही तो परभणी. म्हणजे कुठंच जमलं नाही तर परभणीला यायचं. अप्पा पाना हातात घेऊन म्हणायचे, "आपुन तर आधीच परभणीत हाव. बिघडून जाणार कुठं?"

सीटचं कव्हर सोलून काढलं तर खाली स्पंज आणि स्पंजावर नागमोडी तारांची एक चादर. त्यात कुठंतरी तार तुटलेली. अप्पा बल्ब लावून वीतभर वीतभर तपासत बसायचे. सापडली, सोल्डरचा डाग दिला, तर दुसरीकडं तुटली. बोटं भाजून घेतली. भाजलेल्या बोटांनी भस्म लावायचे, त्यामुळं कपाळावरचे पट्टे वाकडे यायला लागले. काकू रागावायच्या, "मरू द्या ते हीटर." अप्पा म्हणायचे, "तुमचा काय संबंध? गाडी माझी हाय."

मग एक दिवस सीट ओसरीवरून बैठकीत आली. खाली पाट, बाजूला बॅटरी, त्यावर टॉवेल टाकलेला. आता साक्षीदार पाहिजे. त्याच दिवशी पाथरीचे व्याही आले, लेकीचे सासरे. अप्पांनी त्यांना मानानं त्याच सीटवर बसवलं. मी चहा न्यायला मदतीला होते. अप्पांनी टॉवेलखाली हात घालून गुपचूप तार जोडली. मी डोळ्यांनी विचारलं, सांगत का नाही? तर माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "साक्षीदाराला आधी पढवलं की साक्ष बिघडती."

व्याही पाऊसपाण्याचं बोलत होते. बोलता बोलता थांबले. जरा सरकून बसले. पुन्हा बोलले, पुन्हा थांबले. चेहरा हळूहळू उतरायला लागला. वयस्कर माणूस, धोतर नेसलेला. शेवटी अगदी बारीक आवाजात अप्पांना म्हणाले, "न्हाणी कुणीकडं हाय?" आणि उठून, धोतर मागून चाचपत, घाईघाईनं निघाले. अप्पा मागं धावले. "व्याही, साफ सांगा! बुडाखाली गरम लागलं का न्हाई?" आता असं व्याह्याला कुणी विचारतं का? काकूंनी कपाळाला हात लावला. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरात पळाले आणि पोट दुखेपर्यंत हसले. व्याही जेवायला थांबले नाहीत. पण साक्ष पक्की झाली होती.

कव्हर पुन्हा बसवायचं काम माझ्यावर आलं, कारण मी ब्लाऊज शिवते. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला मोटारीचं कातडं शिवायला लावणारा माणूस जगात एकच. माझ्या मशीनची सुई मोडली. मी फणफणले, "अप्पा, सुई भरून द्या!" शेवटी दाभण घेतला आणि हातानं, गोधडीला घालतो तसे धावदोरे घातले. परदेशी गाडीची ती सीट आता थेट आमच्या मराठवाड्याची झाली.

संक्रांतीच्या आधी आम्ही चुडाव्याला निघालो. काकूंना धरून उतरवायला बाईमाणूस हवं म्हणून मला मागं बसवलं. निघताना अप्पांनी बजावलं, "डॉक्टरनं सांगितलंय, कंबर गार पडू द्यायची न्हाई. सीट थंड झाली की गाडी माघारी. मागल्या वेळचा तमाशा मला पुन्हा नको." अप्पांनी माघारी म्हटलं की माघारी, त्यात अपील नाही. काकूंनी मान हलवली.

शहर सोडेपर्यंत सगळं झकास. काकू टेकून बसलेल्या, हसत होत्या. "सुनंदा, चुलीपाशी बसल्यावानी वाटायलंय बग." पिंगळी मागं पडली. पुढं केव्हातरी त्यांचं बोलणं कमी झालं. अप्पांनी विचारलं, "गरम लागायलंय ना?"

"लय मस्त लागायलंय," काकू म्हणाल्या.

मला तो आवाज बरा वाटला नाही. मी त्यांचा पदर सारखा करायच्या निमित्तानं सीटवर हात लावला. गार! रांजणासारखी गार. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी हात मागं करून माझं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी हात मागं घेतला. पूर्णा येईपर्यंत अप्पांनी पुन्हा विचारलं, काकूंनी पुन्हा सांगितलं, "लय मस्त." ओठ दाताखाली धरलेला होता. गाडी मात्र अप्पा बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. मागून येणारे ट्रकवाले शिव्या देऊन पुढं जात होते. मी मनात म्हटलं, बाईचा जीव चाललाय आणि याला रमतगमत जायचं सुचतंय.

पोचलो. काकूंना आम्ही दोघांनी धरून आत नेलं. म्हातारी खाटेवर अगदी एवढीशी झालेली. काकू खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "माय, म्हादी आले." म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, नाक, गाल, कानातली कुडी. मग म्हणाली, "म्हादे, लय येळ लावलीस गं." आणि पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. मला तिथं उभं राहवेना. बाहेर आले.

अप्पा गाडीपाशी होते. माझा राग उफाळून आला. म्हटलं, "अप्पा, जगाला सबूत मागता आणि बायकोच्या बुडाखालची सीट गार पडलेली तुमाला कळली न्हाई? अर्ध्या रस्त्यापासून ती कळा सोसत आलीय!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली वाकून गाडीत काहीतरी खुडबुड करत होते. "फ्यूज गेला, पिंगळीच्या फुडं," ते म्हणाले. "बटनाची बत्ती विझली ना माझ्या डोळ्याम्होरं."

"मग?"

"मग काय? खड्डे चुकवीत आलो, जमतील तेवढे."

"पण तुमीच म्हणला होतात, माघारी वळवीन म्हणून."

अप्पांनी फ्यूजच्या झाकणाचा स्क्रू काढला. मग म्हणाले, "माझी माय गेली तवा मी गावाकडं, पाथरीला पोचलो न्हाई. कोर्टात तारखा व्हत्या. उद्या जाऊ, परवा जाऊ. गेलो तवा दारात लोक बसल्याले." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हातातला स्क्रू दोनदा खाली पडला. "ती म्हणली गरम लागायलंय. मी थांबून फ्यूज बदलला असता तर ती खोटी पडली असती. खोटी पडली असती तर मला माघारी वळावं लागलं असतं. बोललो व्हतो ना मी."

एवढा हेकट माणूस, स्वतःच्या शब्दात अडकला होता आणि बायकोच्या खोट्याचा हात धरून त्यातून सुटला होता. त्यांनी मोबाईल चार्ज करायच्या ठिकाणचा फ्यूज काढून सीटच्या जागी बसवला आणि मला म्हणाले, "तिला सांगू नका."

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. काकूंच्या अंगाला आईच्या अंथरुणाचा वास येत होता. कंबर दुखत होती, पण चेहरा लग्नघरातून निघालेल्या बाईसारखा भरलेला. अप्पांनी बटन दाबलं. थोडा वेळ गेला. काकूंनी पाठ टेकली, एक मोठा उसासा सोडला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हां, आत्ता कुठं गरम लागायलंय!"

बोलल्या आणि दचकल्या. मी मागं श्वास धरून बसले. आता विचारतात, मग सकाळी काय लागत होतं?

अप्पांची नजर रस्त्यावर होती. "सकाळी बी लागायलंच व्हतं," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं. मग समोर बघत म्हणाल्या, "व्हय. सकाळी बी."

एवढं धडधडीत खोटं दोन माणसांनी मिळून बोलताना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मी खिडकीकडं तोंड केलं आणि पदरानं डोळे पुसले.