सेट शब्दाच्या चिठ्ठ्या

“आज पाहुण्यांसमोर खिशातून एक जरी चिठ्ठी बाहेर आली, तर तुमचं पेन खिडकीतून भिरकावून देईन,” बायकोनं बजावलं. कोशकारांनी कानाला हात लावून कबूल केलं. लेकीनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील आज पहिल्यांदाच चहाला यायचे होते. काय बोलायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बोलायचं नाही, याचे धडे लेक बापाला दोन दिवस देत होती. बाप मान डोलवत होता, पण जीव सगळा ‘सेट’मध्ये अडकलेला.

कोशकार इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत पंचवीस वर्षं होते. तिथला दंडक कडक. उदाहरण मनानं रचायचं नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचं आणि ऐकल्या जागी चिठ्ठीवर उतरवायचं: कोण बोललं, कुठे, किती वाजता. एरवीचे शब्द बिचारे दहा-बारा चिठ्ठ्यांत गप्प बसत. हा ‘सेट’ मात्र मारुतीच्या शेपटासारखा वाढत चालला होता. सोफ्याचा सेट, कपबश्यांचा सेट, टेनिसचा सेट. कुणी केस सेट करतंय, कुणी गजर सेट करतंय. त्रेचाळीस चिठ्ठ्या झाल्या तरी अंत लागेना. “तुमच्या एका शब्दापायी अख्खा खंड अडलाय,” असं मुख्य संपादक सुनावून गेले होते, आणि सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा होता.

पाहुणे आले. मुलाचे वडील भरदार आणि बोलके, आई बारीक चणीच्या आणि घर नजरेनंच मोजणाऱ्या. चहा आला. वडील ऐसपैस रेलून म्हणाले, “आमच्या चिरंजिवांचं म्हणाल, तर तो आता एकदम सेट आहे बघा.”

कोशकारांचा हात आपसूक खिशात गेला. बायकोनं डोळे वटारले, लेकीनं ओठ चावला, पण तोवर लिहूनही झालं होतं. घड्याळाकडे बघत त्यांनी विचारलं, “पाच वाजून बारा मिनिटं. बरोबर ना?”

वडिलांचा कप ओठांपाशीच थांबला. “हे काय लिहून घेताय?”

“तुमचंच वाक्य, तुमच्याच शब्दांत. छापायचंय.”

“छापायचंय?” वडिलांनी कप खाली ठेवला. “मग असं करा, एकदम सेट नका लिहू. नोकरी कायम व्हायला अजून चार महिने आहेत.”

“बदल झाला म्हणजे नवी चिठ्ठी,” असं म्हणत कोशकारांनी कोरा कागद काढला. वडिलांना घाम फुटला.

“आणि मघाशी दारात म्हणालो ना, की त्यानं घर घेतलंय? घेतलंय म्हणजे बघून ठेवलंय.” पेन त्यांच्याकडे वळलं. “म्हणजे, बाहेरून बघितलंय.”

“पण स्वयंपाक उत्तम करतो हो तो,” मुलाच्या आई सावरायला गेल्या. कोशकारांनी उत्सुकतेनं मान वर केली. आई खाकरल्या. “अंडी उकडतो.”

“बाबा, पुरे ना!” लेक रडवेली झाली. जुळत आलेलं सगळं तिच्या डोळ्यांदेखत विस्कटत होतं आणि बाप नवी चिठ्ठी शोधत होता.

“काय हो, आधी पोलिसात होतात का?” मुलाच्या आईनं शेवटी विचारलंच.

तेव्हा कुठे कोशकारांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी एका दमात शब्दकोश, दंडक, छापखाना सगळं सांगून टाकलं आणि पुरावा म्हणून चिठ्ठ्यांचा गठ्ठाच पाहुण्यांच्या हाती दिला. “असं होय!” म्हणत वडील इतके हसले की सोफा हलला. बायकोचा जीव भांड्यात पडला. मुलाच्या आई चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागल्या.

“‘हे मेलं पुडिंग काही सेट होत नाही.’ बायको, स्वयंपाकघर, सकाळी नऊ.” सगळे हसले. त्यांनी पुढची चिठ्ठी घेतली. “‘ती बाई एकदा का सोफ्यावर सेट झाली, की तासभर उठायची नाही, आपली पोरगीच सांगत होती.’ बायको, स्वयंपाकघर, सव्वादहा. मुलाच्या आईविषयी.”

बायको रिकाम्या बशीकडे बघत राहिली. लेकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि एवढ्या सगळ्यात कोशकारांना पहिल्यांदाच वाटलं, की आपलं पेन सकाळीच खिडकीबाहेर गेलं असतं तर फार बरं झालं असतं.

मुलाच्या आईनं चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “पेन द्या इकडे.”

कोशकारांनी मुकाट्यानं पेन दिलं. मुलाच्या आईनं चिठ्ठीवर काहीतरी खोडलं, वर काहीतरी लिहिलं.

“तासभर चूक आहे. दोन तास. छापायचंय ना? मग खरं काय ते छापा. खाली सही करू का माझी?”

मग त्यांनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले, उशी पाठीशी नीट लावली आणि कोशकारांच्या बायकोकडे वळून त्या म्हणाल्या, “विहीणबाई, अजून एकेक कप चहा टाका.”