समाद्दारांची सरळ वायर

जामाई-षष्ठीच्या, म्हणजे बंगाली घरांतल्या जावयाच्या सणाच्या सकाळी निरुपम समाद्दारांनी जावयाचे आसन फिशटँकला खेटून मांडले. जावयाचा मान हे निमित्त होते. दाखवायची होती ती अंडी. टँकमधल्या एंजल माशांच्या जोडीने एका रुंद पानावर दोनशेच्या आसपास अंडी घातली होती. याआधी तीनदा घातली होती, आणि तीनदा दिवा मालवताच आईबापांनीच ती गिळली होती. म्हणून यंदा गेले तीन दिवस समाद्दारांनी टँकवरचा दिवा विझू दिला नव्हता, आणि शेवाळ धरू नये म्हणून खिडकी तर कधीच उघडत नसत.

जावई शुभ्रांशु वीज-निरीक्षक होता. त्याची नजर अंड्यांवर गेलीच नाही.

"बाबा, ही वायर झाकणावरून थेट बोर्डात उतरलीय. तिला बोर्डाच्या खाली झोळ द्या, मग वर घ्या. पाणी ओघळलं तरी झोळातून टपकून जाईल."

"लोंबणारी वायर हे आळशी घराचं लक्षण!"

"पाणी सरळ वाटेनंच जातं, बाबा."

"पण या टँकवर पाणी उडवणार कोण, ते आधी सिद्ध करा!"

सिद्धता सासूबाईंच्या हातात होती. सुरमादेवी पाण्याचा घट आणि ताडपत्राचा पंखा घेऊन आल्या. पंखा घटात बुडवून त्यांनी जावयाला वारा घातला. "शंभर वर्षं जग, लेकरा!" त्यांची माया सढळ होती, जावयावर चार थेंब पडले, तर झाकणावर चाळीस. ते पाणी वायरीवरून, समाद्दारांनी आखलेल्या सरळ मार्गाने, थेट बोर्डात पोहोचले. बोर्ड चरचरला. जळक्या प्लास्टिकचा धूर निघाला.

"मेन बंद करा!" शुभ्रांशु उठू लागला.

"खाली बस!" सुरमादेवी गरजल्या. "षष्ठीचा विधी अर्धवट टाकून जावई उठला तर माझ्या लेकीचं काय व्हायचं? मी करते बंद."

"मा, ओल्या हातानं नको! आणि तो घट लांब ठेवा, बोर्डावर ओताल!"

अशा रीतीने ज्याला कळत होते त्याला उठण्याची मुभा नव्हती, जिची तयारी होती तिचे हात ओले होते, आणि ज्याचे हात कोरडे होते तो मेन स्विचपुढे दोन्ही बाहू पसरून उभा होता.

"दिवा गेला की अंडी गेली! चौथ्यांदा मला नाही बघवणार."

"बाबा, अंधारात ते कदाचित खातील. आग लागली तर नक्की उकडतील."

या युक्तिवादात खोट नव्हती. समाद्दारांनी ती क्षणभर प्रामाणिकपणे शोधली. मग डोळे मिटून मेन खाली ओढला.

चरचर थांबली. धूर जावा म्हणून सुरमादेवींनी खिडकी उघडली आणि ज्येष्ठाचे ऊन सरळ टँकमध्ये शिरले. मादी पानापाशी आली, तिने तोंड उघडले आणि एक ठिपका टिपला.

"खाल्लं!" समाद्दार भिंतीला टेकले.

"अहो, इकडे या. खाल्लं नाही हो, ठेवलं तिनं."

खरेच. अंडी केव्हाच फुटली होती. मादी एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या पानावर नेऊन चिकटवत होती. एक निसटून खाली जाऊ लागले. तळाशी पोहोचण्याआधीच नराने ते झेलले, तोंडात हलकेच घोळवले आणि परत जागेवर ठेवले. उन्हात त्या पारदर्शक शेपट्या थरथरत होत्या, जणू पानालाच प्राण फुटले होते.

जावई आसनावरून उठून काचेशी उभा होता, हे सासूबाईंच्याही ध्यानात आले नाही. त्यांचे हात जोडलेले होते.

बऱ्याच वेळाने शुभ्रांशु पुटपुटला, "बाबा, जळका बोर्ड लाइनीतून सोडवलाय. मेन लावू? निदान छताचा पंखा तरी..."

"हळू बोला," घामाने निथळत समाद्दार म्हणाले.

इतक्यात लेक तोर्सा स्वयंपाकघरातून ताटे घेऊन आली. मोहरीच्या रश्श्यातल्या इलिश माशाचा वास दरवळला. चौघांनी एकदा टँककडे पाहिले, एकदा ताटांकडे. मग सगळे आसने उचलून आतल्या खोलीत जाऊन दार लावून जेवायला बसले.