नॉर्बर्टने काढलेली तारीख

लेकीच्या लग्नाची तारीख बापाने काढू नये, हे नॉर्बर्ट शिमान्स्कीला आता पटलं आहे. तारीख बायकांना काढू द्यावी, आपण मान हलवावी आणि जुना सूट कमरेत होतो का तेवढं बघून ठेवावं. पण जानेवारीतल्या त्या रविवारी बाहेर गुडघाभर बर्फ होता, चुलीवर कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा शिजत होता आणि एकुलती एक लेक टेबलाशी बसून विचारत होती, "बाबा, मे महिन्यातला एखादा शनिवार चालेल?" नॉर्बर्टने खिशातून हेरन्सचं वेळापत्रक काढलं. (जानेवारीत! वेळापत्रकाची शाई अजून वाळलीही नव्हती.)

हेरन्स म्हणजे आमच्या पोर्ट ॲडलर गावाची बेसबॉलची टीम. टोपीवर पांढरा बगळा. गावातले टवाळ म्हणत, नाव अगदी शोभतं, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहतात आणि चेंडू शेजारून जाताना बघत बसतात. नॉर्बर्ट दुसऱ्याच्या तोंडून असलं काही ऐकून घेत नसे. तो स्वतः याहून वाईट बोलायचा, पण तो घरचा हक्क झाला.

"मेमध्ये नाही जमणार," तो म्हणाला. "शनिवारी घरच्या मैदानावर मॅच आहेत."

"मग जून?"

"जूनमध्ये बाहेरच्या आहेत."

"बाहेरच्या असल्या तर तू मोकळाच की!"

"मोकळा कसला? टीव्ही कोण बघणार?"

"सप्टेंबर?" मार्सीचा आवाज आता जरा चढला होता.

"सप्टेंबरमध्ये कसं जमेल? शेवटच्या मॅच असतात. सगळा निकाल तेव्हाच लागतो."

"कसला निकाल?" बर्निस पातेल्यात डाव फिरवत म्हणाली. "शेवटून पहिले की शेवटून दुसरे?"

नॉर्बर्टने बायकोकडे दुर्लक्ष केलं. संसारात त्याला एवढी एकच कला उत्तम साधली होती. मग त्याचा चेहरा उजळला. "ऑक्टोबर! दुसरा शनिवार! अख्खा ऑक्टोबर मोकळा आहे. ऑक्टोबरात फक्त जिंकलेल्या टीम खेळतात."

"आणि हेरन्स जिंकले तर?"

नॉर्बर्टला इतकं हसू आलं की ठसका लागला आणि बर्निसला त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. (तिने गरजेपेक्षा दोन जास्त घातले.) तो मिसरूड फुटल्यापासून हेरन्सच्या मागे होता, आणि हेरन्सनी ऑक्टोबर कधी पाहिला नव्हता.

"ठीक आहे," मार्सी म्हणाली. "पण शब्द दे. त्या दिवशी बेसबॉल नाही. फोन नाही, रेडिओ नाही, 'जरा गाडीत काहीतरी विसरलंय' नाही. चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनच्या फोटोत तू नाहीस. शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते, तेव्हाही तू पार्किंगमध्ये रेडिओ ऐकत होतास. लग्नाचा एक दिवस मला अख्खा बाप पाहिजे."

"दिला शब्द," नॉर्बर्ट म्हणाला. फुकटच तर द्यायचा होता.

एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि घरात नेहमीचं सोवळं लागू झालं. नॉर्बर्टचा हेरन्सचा शर्ट सीझन संपेपर्यंत धुवायचा नाही. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातच बसायचं. उजवा मोजा उलटा. आणि सातव्या इनिंगमध्ये फ्रिज उघडायचा नाही, कारण कधीकाळी बर्निसने दूध काढायला फ्रिज उघडला आणि त्याच क्षणी समोरच्यांनी चेंडू मैदानाबाहेर टोलवून होमरन मारला होता. बर्निसने कितीदा तरी विचारलं होतं, "तीनशे मैलांवरच्या फलंदाजाला आपला फ्रिज दिसतो का रे?" नॉर्बर्ट म्हणायचा, "दिसत नसेल. पण त्याला कळतं."

एप्रिल, मे, जून हेरन्स शिस्तीत हरले. सगळं सुरळीत चाललं होतं. चर्च ठरलं, हॉल ठरला, पोल्का नाचाचा बँड ठरला. कुकीच्या टेबलासाठी झाडून सगळ्या मावशा-काकू कामाला लागल्या (आमच्याकडे एक वेळ नवरदेव नसला तरी चालेल, पण लग्नात कुकीचं टेबल वाकलंच पाहिजे). नवरदेव ड्रू हा फुटबॉल बघणारा मुलगा. नॉर्बर्टने त्याला मोठ्या मनाने माफ केलं होतं.

आणि जुलैत हेरन्स जिंकायला लागले.

पहिला आठवडा नॉर्बर्ट हवेत होता. दुसऱ्या आठवड्यात तो शिट्ट्या मारत आपल्या नळ-पाइपांच्या दुकानात जायचा आणि गिऱ्हाइकाने अर्ध्या इंचाचा पाइप मागितला तरी पाऊण इंचाचा द्यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याची नजर फ्रिजवर लावलेल्या लग्नपत्रिकेवर गेली आणि शिट्टी ओठांतच राहिली.

"मार्सी," ऑगस्टात त्याने जेवताना घसा खाकरला, "नोव्हेंबरातसुद्धा लग्नं छान होतात म्हणे. गर्दी नसते."

मार्सीने नुसता काटा खाली ठेवला. बोलली बर्निस.

"तारीख कोणी काढली?"

"मी, पण..."

"ठसका कोणाला लागला होता?"

नॉर्बर्टने निमूटपणे बटाटे खाल्ले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. शब्द मोडला तर लेक जन्मभर बोलणार नाही. पाळला तर ज्या ऑक्टोबरची उभा जन्म वाट पाहिली, तो ऑक्टोबर चर्चच्या भिंतीपलीकडून निघून जाणार. राहता राहिला एकच मार्ग: हेरन्स हरले पाहिजेत. तेवढ्यासाठी देवाकडे मागणं मागायची त्याची छाती झाली नाही. पण शर्ट तर त्याच्या हातात होता!

त्याने शर्ट धुतला. स्वतः, तळघरातल्या मशीनमध्ये, कोमट पाण्यात, वर सुगंधी लिक्विड टाकून. डोळ्यांत पाणी होतं. (थोडं शर्टाच्या वासाचंही असेल.) परसात दोरीवर शर्ट वाळत घातला, तर कुंपणापलीकडून शेजारी ऑटो व्राबेल बघतच राहिला. ऑटोही जन्माचा हेरन्सवाला.

"नॉर्ब! घरात कोणी गेलं का?"

"नाही रे. डाग पडला होता."

"डाग तर त्याच्यावर कायमचे आहेत! तू वेडा झालास का? आपण आत्ता कुठे जिंकतोय!"

त्या संध्याकाळी हेरन्स अकरा-शून्यने जिंकले.

नॉर्बर्ट चिडला. दुसऱ्या दिवशी तो सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसला. हेरन्स जिंकले. मोजे सुलटे घातले. जिंकले. सातव्या इनिंगला तो उठला, फ्रिज सताड उघडला आणि आत डोकं घालून उभा राहिला. बाहेरून बर्निसचा आवाज आला, "लोणी वितळेल!" आणि टीव्हीवरून निवेदकाचा, "हेरन्सचा होमरन!"

आता शेवटचं पाप उरलं होतं. बेसबॉलवाल्यांत याच्याहून मोठं पाप नाही. आपल्या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, समोरच्यांना एकही हिट मारू दिली नसेल, तर ती गोष्ट तोंडाने बोलायची नसते. बोललं की पुढच्या चेंडूला फटका बसलाच म्हणून समजा. खेळाडू त्या पिचरशेजारी बसतसुद्धा नाहीत, न जाणो, तोंडून निघून जायचं. सप्टेंबरमधल्या एका रविवारी ऑटोच्या गॅरेजमध्ये अर्धी गल्ली मॅच बघत होती. नवापैकी आठवी इनिंग चालू होती, समोरच्यांना अजून एकही हिट मिळाली नव्हती, आणि सगळेजण मूग गिळून बसले होते. नॉर्बर्ट उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अरे वा! अजून एकसुद्धा हिट नाही की त्यांची!"

ऑटोच्या हातातलं सॉसेज खाली पडलं आणि ते उचलायला कुत्रासुद्धा उठला नाही.

पिचरने उरलेले सगळे फलंदाज एकामागून एक घरी पाठवले. एकही हिट नाही. गॅरेज नाचायला लागलं. ऑटो मात्र नाचला नाही. तो नॉर्बर्टकडे रोखून बघत होता.

"शर्ट धुतलास, जिंकलो. आज बोललास, जिंकलो. आणखी काय काय केलंयस?"

नॉर्बर्टने सोफा, मोजे आणि फ्रिज, सगळं सांगून टाकलं.

"आणि जुलैत काय झालं होतं? सुरुवात तिथून झाली."

"जुलैत मी काही केलं नाही! जुलैत मी मॅच तरी कुठे धड बघितल्या? सुटासाठी शिंप्याकडे, कुकीचं पीठ आणायला, हॉल बघायला... बर्निस मला नुसती पळवत होती. घरी येऊन निकाल कळायचा."

ऑटोने टोपी काढली. "म्हणजे तू नसलास की जिंकतो. नाहीतर सोवळं मोडलंस की जिंकतो. आणि इतकी वर्षं तू रोज डाव्या कोपऱ्यात, पारोशा शर्टात, उलटा मोजा घालून..." त्याने टोपी जमिनीवर आपटली. "अरे, पांढऱ्या पायाचा तूच की! आम्ही उगाच मॅनेजर बदलत बसलो!"

त्या दिवसापासून नॉर्बर्टवर हेरन्सबंदी लागू झाली. मॅचच्या वेळी गल्लीतलं कोणीतरी त्याला गवत कापायला बोलवायचं. गवत वाढायला सवडच मिळाली नाही. दुकानातला रेडिओ गेला, आणि जिने कधी सबंध इनिंग पाहिली नव्हती त्या बर्निसने त्याला तळघरात धाडून वरून दार लावलं. "शर्ट धुऊन ये," ती म्हणायची. वरती टाळ्या वाजायच्या आणि नॉर्बर्ट खाली साबणाच्या फेसात हात घालून बसायचा. इतकी वर्षं वाट पाहिलेला सीझन त्याने असा मशीनच्या गोल काचेत पाहिला.

हेरन्स ऑक्टोबरात पोचले. पहिल्या फेरीची निर्णायक मॅच कधी आली असेल? बरोबर. दुसऱ्या शनिवारी, दुपारी.

सकाळी नॉर्बर्टने फोन स्वतःहून बर्निसच्या पर्समध्ये टाकला. "मी शब्द दिलाय," तो म्हणाला. बर्निसने त्याचा टाय नीट केला आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं, त्यामुळे त्याला जरा शंकाच आली. गाडीच्या डिकीत एक तपकिरी सुटकेस दिसली. मार्सीची असेल, हनिमूनची, म्हणून त्याने ती सरकवून कुकीचे डबे ठेवले.

फादर काझिमिर यांनी लग्न लावलं ते इतक्या घाईने, की ड्रूने "हो" म्हणायच्या आतच आशीर्वाद देऊन झाला. नॉर्बर्ट मात्र लेकीला हाताला धरून चालला तेव्हा त्याला खरोखर काही आठवलं नाही. बगळा नाही, पिचर नाही. त्याला फक्त शाळेच्या नाटकातलं झाड आठवत होतं, जे त्याने पाहिलं नव्हतं.

हॉलमध्ये कुकीचं टेबल वाकलं होतं, पण त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. सगळी वऱ्हाडी मंडळी बारपाशी टीव्हीला पाठमोरी उभी असल्याचं सोंग करून मान वळवत होती. नॉर्बर्ट जवळ गेला की ऑटो हात आडवा धरायचा. "तिकडेच थांब, भल्या माणसा! एका रनने पुढे आहोत!" नॉर्बर्ट मागे फिरला आणि अख्ख्या टेबलाशी एकटा बसून जर्दाळूच्या कुकी खात राहिला.

मग बाप-लेकीच्या नाचाची वेळ झाली. अकॉर्डियनवाल्याची मान बारकडे वळलेली, त्यामुळे सूर भलतीकडे चालला होता. पण मार्सीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि नॉर्बर्टचे डोळे भरून आले.

"मी शब्द पाळला, बेटा."

"माहितीय, बाबा." तिचा आवाज कापत होता. "मला अख्खा बाप मिळाला."

तिचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट होत गेला. मग सैल झाला. मग असा काही आवळला, की नॉर्बर्ट कळवळला. लेकीची माया म्हणावी तर या मायेला नखं होती! त्याने जरा मागे होऊन पाहिलं. नवरीच्या जाळीदार ओढणीखाली, केसांच्या बटांआड, लेकीच्या कानात इअरफोनचं पांढरं बोंड होतं.

"मार्सी! तू मॅच ऐकतेयस?"

"हळू बोल!"

"मला फोन नाही, रेडिओ नाही, आणि तू..."

"शब्द तू दिला होतास. मी नव्हता दिला. नाचत राहा, दोन आऊट झालेत."

"कोणाचे? बेसवर कोण आहे? पिचर कोण?"

"बाबा, प्लीज!" तिने तळहाताने त्याचं तोंडच दाबलं. "तुला कळलं की ते हरतात!"

नॉर्बर्ट नाचत राहिला. शेवटची इनिंग त्याने आपल्या खांद्यावर ऐकली. नख रुतलं की चेंडू धोक्याचा, बोटं सैल पडली की वाचलो. एकदा पाचही बोटं एकदम रुतली, तिचा श्वास थांबला, आणि नॉर्बर्टने डोळे मिटून घेतले. मग हॉलचं छप्पर उडेल अशी आरोळी उठली. मार्सी किंचाळली, बापाच्या गळ्यात पडली, फादर काझिमिर खुर्चीवर चढले आणि ऑटोने नवरदेवाचा मुका घेतला.

"जिंकलो, बाबा!" मार्सी रडत होती. नॉर्बर्टही रडला. असा ऑक्टोबर त्याने कधी स्वप्नातही पाहिला नव्हता. तसा तो त्याने आजही पाहिला नव्हता, पण लेक गळ्यात होती, आणि त्याला ते पुरेसं वाटलं.

तेवढ्यात बर्निस डोळे पुसत आली. हातात तपकिरी सुटकेस.

"पुढची फेरी मंगळवारपासून," ती म्हणाली. "बाहेर ॲग्नेस गाडी चालू ठेवून उभी आहे."

ॲग्नेस ही बर्निसची थोरली बहीण. दूर उत्तरेला शेतावर राहते. टीव्ही नाही, रेडिओ नाही, फोनला रेंज नाही. चाळीस शेळ्या आहेत.

"किती दिवस?" नॉर्बर्टने क्षीण आवाजात विचारलं.

"ते हरेपर्यंत."

त्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने ऑटोकडे पाहिलं. ऑटोने छातीवर हात ठेवून टोपी उतरवली, जशी राष्ट्रगीताला उतरवतात. नॉर्बर्टने सुटकेस उघडली. वरच हेरन्सचा शर्ट होता, धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला. त्याला भरून आलं. काही झालं तरी बायकोला आपलं मन कळतं.

"हा मी तिथे घालायचा?"

"घालायचा नाही," बर्निस म्हणाली. "रोज धुवायचा. साबण खाली ठेवलाय."