चटणीच्या मापांचा ब्लॉग

नृसिंहरावांनी ब्लॉग लिहायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. एवढं आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे पुष्कळ लोकांना तसं वाटलं.

मार्च लागला की कोल्हापुरात घरोघरी वर्षाच्या चटणीची, म्हणजे वर्षभर पुरेल अशा तिखट मसाल्याची, घाई सुरू होते. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि सगळं पिशव्यांत भरून कांडपावर न्यायचं. तिथं मशीनची लोखंडी मुसळं मिरची कुटतात आणि घरची बाई शेजारी स्टुलावर बसून, नाकाला पदर लावून, आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळत नाही ना, यावर डोळ्यांत पाणी आणून लक्ष ठेवते. नृसिंहराव आणि कालिंदी यांचं असंच एक कांडप होतं. मशीन कालिंदी चालवायची. नृसिंहराव काट्यावर बसून वजन करायचे (आणि शिंकायचे. वीस वर्षं झाली तरी त्यांचं नाक या धंद्यात रुळलं नव्हतं). मार्च ते मे या तीन महिन्यांवर त्यांचं सगळं वर्ष चालायचं.

यंदा कोपऱ्यावर नवीन कांडप निघालं. काचेचं दार, आत गार वारा, बाहेर ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ अशी चमकती पाटी. त्यांचे व्हिडिओ फेब्रुवारीतच गल्लीतल्या सगळ्या मोबाइलवर फिरले आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्यात नेहमीची सहा घरं तिकडे गेली. कालिंदी रोज संध्याकाळी दारात उभी राहून कोपऱ्याकडे बघू लागली. अशीच आणखी तीस-चाळीस घरं गेली तर मशीन विकावं लागेल, हे दोघांनाही माहीत होतं.

म्हणून नृसिंहराव लघुउद्योजकांसाठी भरलेल्या एका मोफत शिबिराला गेले. टाय लावलेल्या एका तरुणाने तिथं सांगितलं, की हल्ली लोक माल बघून येत नाहीत, गोष्ट वाचून येतात. तेव्हा मनापासून लिहा. आपल्या ग्राहकांविषयी लिहा. नृसिंहरावांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि ‘मनापासून’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

पहिला लेख त्यांनी ‘मिरची आणि माणूस’ या विषयावर लिहिला. मिरचीचं देठ खुडावं तसा माणसाने अहंकार खुडावा, असं त्यात होतं. तो चार लोकांना आवडला. त्यांपैकी एक ते स्वतः होते. शेजारच्या मसाल्याच्या दुकानाचा मालक मुजम्मिल याने खाली ‘बरोबर’ असं लिहिलं. दुसरा लेख ‘शिंक : एक चिंतन’. त्यालाही मुजम्मिलने ‘बरोबर’ लिहिलं. (पुढे कळलं, की तो एकही लेख वाचत नव्हता. शेजारधर्म म्हणून लिहीत होता.)

तिसऱ्या लेखाच्या वेळी नृसिंहरावांना ग्राहकांची आठवण झाली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. कोल्हापुरात कुणाच्याही घरची चटणी चाखावी, वाखाणावी, वाटीभर मागूनही न्यावी. माप विचारू नये. कुठली मिरची किती, खोबरं किती, तीळ किती, हे लेकीला लग्नात कळतं आणि सुनेला तिने सासूचं मन जिंकल्यावर. कालिंदीच्या डोक्यात दीडशे घरांची मापं होती आणि त्यातलं एकही तिच्या तोंडून कधी झोपेतसुद्धा निघालं नव्हतं. ती मापं आणखी एका माणसाला माहीत होती. जो काट्यावर बसायचा त्याला.

लेखाचं नाव होतं ‘तीन घरं, तीन चटण्या’. नृसिंहरावांनी फार काळजी घेतली. एकाही माणसाचं नाव लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, की तालमीशेजारी राहणाऱ्या मोठ्या मिशांच्या एका निवृत्त पैलवानाच्या घरची चटणी आमच्याकडे सगळ्यात सौम्य असते. सगळी ब्याडगी, नुसती रंगाला. मग लिहिलं, की दारात जास्वंद असलेल्या एक आजी चटणीत पाव किलो कारळे घालतात, ही त्यांच्या चवीची खरी गंमत, पण सुनेला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आणि एक शिक्षिका तयार चटणीची पाकिटं फोडून आणतात आणि ती मशीनमधून नुसती फिरवून नेतात, म्हणजे गल्लीला आवाज ऐकू जातो. ‘अशा या माणसांवर आमचं प्रेम आहे,’ असा त्यांनी शेवट केला. ते वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचून बघितलं.

दुपारपर्यंत लेख तीनशे बारा लोकांनी वाचला. नृसिंहरावांनी उड्या मारतच मोबाइल कालिंदीपुढे धरला. तिने मशीन चालू असतानाच वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या घरापाशी आल्यावर तिने मशीन बंद केलं.

संध्याकाळी तालमीशेजारचे सयाजीराव आले. ते ओरडले नाहीत, हेच जास्त वाईट होतं.

“नृसिंहराव, पंचवीस वरसं मी तालमीत सांगतोय, आमच्या घरात लवंगी मिरचीबिगर घास उतरत न्हाय.”

“मी नाव लिहिलं नाही हो.”

“मिशा लिवल्यासा की.”

तेवढ्या मिशा गल्लीत दुसऱ्या कुणालाच नव्हत्या.

“मला पित्त हाय,” सयाजीराव आवाज खाली आणून म्हणाले. “डॉक्टरनं तिखट बंद केलंय. ते आमच्या कारभारणीला, वर्षाराणीला म्हाईत हाय आन् कालिंदीवैनीला. आता तालमीतली पोरं मला बघितलं की गुळाचा खडा पुढं करत्यात.”

ते गेल्यावर संयोगिता आली, जास्वंदवाल्या आक्कांची सून. नऊ वर्षं ती आक्कांनी सांगितलेल्या मापाने चटणी करत होती आणि नऊ वर्षं आक्का एक बोट चाखून ‘बरी झालीया’ म्हणत होत्या. ती भांडायला आली असेल म्हणून नृसिंहराव उठून उभे राहिले. तिने एवढंच विचारलं, की कारळे भाजून घालायचे का कच्चे. कुणीतरी आपला लेख इतका बारकाईने वाचला, या आनंदात ते म्हणाले, “भाजून. मंद आचेवर.” कालिंदीने कपाळाला हात लावला. पंधरा मिनिटांत आक्कांच्या घरातून दोन बायकांचे आवाज कांडपापर्यंत ऐकू येऊ लागले. तिसऱ्या घरच्या अवंतिका मॅडम तर खिडकीतही दिसेनात.

दुसऱ्या दिवशी एकही पिशवी आली नाही. तिसऱ्या दिवशी, आधी नंबर लावलेल्या अकरा घरांनी एकेक करून निरोप पाठवले. कुणाची मिरची वाळायची होती, कुणाचा पाहुणा वारला होता. तोच पाहुणा दोन घरांत वारला होता.

जेवायला बसल्यावर कालिंदी म्हणाली, “लोकं हितं मिरची घिऊन येत न्हाईत. घर घिऊन येत्यात. नव्या मशिनीला काच हाय, मला त्वांड हाय, आन् ते मी मिटून ठेवते, म्हणून येत्यात.”

“मी मन मोकळं केलं गं.”

“दुसऱ्याचं केलासा.”

त्या रात्री नृसिंहरावांना भाकरी गोड लागली नाही. त्यांनी लेख पुसून टाकला, पण तोवर तो महिला बचत गटाच्या ग्रुपवर पोचून तिथून कोडोलीला आणि पन्हाळ्याला गेला होता. झालेली चूक सुधारायची, तीही मनापासून, असं ठरवून ते पहाटे उठले आणि त्यांनी जाहीर माफी लिहिली. ‘सयाजीराव, आक्का आणि अवंतिका मॅडम यांची मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.’

म्हणजे ज्या लोकांना जास्वंदीवरून ओळखता आलं नव्हतं, त्यांचीही सोय झाली.

माफीला सहाशे लोकांनी पसंती दिली. मुजम्मिलने खाली लिहिलं, ‘बरोबर’.

त्यानंतर चार दिवस मुसळं हलली नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून आक्का उतरल्या. मागून संयोगिता दोन पिशव्या घेऊन उतरली. नृसिंहराव काट्यामागे जमेल तेवढे लहान झाले.

आक्का त्यांच्याकडे न बघता कालिंदीशी बोलल्या. नव्या कांडपावर त्या जाऊन आल्या होत्या. तिथं बाईला काचेच्या बाहेर बसवतात. आतली मिरची आपलीच आहे कशावरून? आणि मशीन चालवणाऱ्याने त्यांना माप चक्क कागदावर लिहून मागितलं. हे सांगताना आक्कांचा आवाज कापत होता. राहता राहिले कारळे. ते सुनेला कळले ते कळले. परवा तिने थोडी चटणी करून बघितली आणि ती, आक्कांना कबूल करावं लागलं, चांगली झाली होती.

“तुझ्याकडंच कांडीन,” आक्का म्हणाल्या. “पर एक अट हाय. तुझ्या मालकानं आत यायचं न्हाय. माप घिऊन बाई आत आली की ह्यानं भाईर.”

“चालतंय की,” कालिंदी म्हणाली.

तिने जरा तरी विचार करायला हवा होता, असं नृसिंहरावांना वाटलं.

त्या दिवसापासून काट्यावर कालिंदीची धाकटी बहीण बसू लागली आणि नृसिंहरावांची खुर्ची रस्त्याच्या कडेला, दाराकडे पाठ करून मांडण्यात आली. त्यांना बसल्या बसल्या बरं वाटू लागलं, हेही खरं. शिंका थांबल्या. पण गिऱ्हाईक अजून बिचकतच होतं. तेव्हा कालिंदीने नवऱ्याचा मोबाइल मागून घेतला आणि ब्लॉगवर आयुष्यातला पहिला आणि शेवटचा लेख लिहिला. तो दोन ओळींचा होता. ‘आमच्याकडे माप फक्त बायका बघतील. मालकांना बाहेर बसवले आहे.’ कुणीतरी खाली लिहिलं, ‘पुरावा?’ म्हणून तिने फोटोही टाकला. खुर्ची, छत्री आणि नृसिंहरावांची पाठ.

तीन चिंतनं आणि एक माफी यांना मिळून जेवढे लोक आले नव्हते, तेवढे त्या पाठीला एका दिवसात आले. आठवडाभरात गेलेली सहा घरं परतली. सयाजीरावांची वर्षाराणी आली आणि जाताना नृसिंहरावांच्या पाठीला नमस्कार करून गेली. कळंब्याहून, कोडोलीहून, जिथून आजवर एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं तिथून पिशव्या येऊ लागल्या. मशीन विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी एक बाई डोक्यावर पोतं घेऊन खुर्चीपाशी थांबली. घाम पुसत तिने विचारलं, “पावणं, नवऱ्याला भाईर बसवलेलं कांडप ते हेच न्हवं?”

“हेच,” नृसिंहराव तिच्याकडे तोंड करून म्हणाले.

फोटोत तोंड नव्हतं. बाईने इकडेतिकडे बघितलं. “मग नवरा कुठं दिसंना?”

नृसिंहरावांनी छत्री जरा पुढे ओढली.

“जेवायला गेलाय.”

“आं?” पोतं सावरत आत जाताना बाई म्हणाली. “म्हंजे जेवायला घालत्यात की अजून.”