ती गेली की मी जाते

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लोस मातिकोस टेकडीवरचे सगळे फोन एकदम बोंबलायला लागले, तेव्हा नोल्बेर्तोच्या सासूबाई ओव्हनमध्ये पाव सरकवत होत्या. फोनवर लिहून आलं होतं की वणवा येतोय, टेकडी ताबडतोब रिकामी करा. सासूबाईंनी, म्हणजे दोन्या ओर्फेलिनांनी (दोन्या म्हणजे तिकडचं 'बाई'), चष्मा लावून ते नीट वाचलं, फोन पालथा ठेवला आणि ओव्हनचं झाकण लावलं.

नोल्बेर्तो हा वस्ती समितीचा अध्यक्ष. गेली तीन वर्षं तो चिलीतल्या वाल्पाराइसो शहराच्या या टेकडीला आगीपासून पळायला शिकवत होता. प्रत्येक फ्रिजवर त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवलेला कागद होता: गॅसची टाकी बाहेर काढा, पडदे उतरवा, पिशवी घ्या, खालच्या फुटबॉल मैदानावर हजर व्हा, मागे कोणी म्हणजे कोणी राहायचं नाही. सरावाला लोक यायचे, माना डोलवायचे, समितीचा चहा प्यायचे आणि घरी जाऊन ठरवायचे की खरी वेळ आली तर राखणीला कोण थांबणार. बिचाऱ्या नोल्बेर्तोला हे त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या वणव्यात घरं वाचली होती खरी, पण लोक परत आले तर टीव्ही, गिझर, नळाच्या तोट्या, काहीच जागेवर नव्हतं. ओर्फेलिनाबाईंचं तर पुढचं दारच चोरांनी उचलून नेलं होतं.

त्यामुळे नोल्बेर्तो शिट्टी वाजवत गल्लीतून निघाला तर काय, प्रत्येक घराच्या छपरावर एकेक माणूस नळी घेऊन उभा. कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा. कागदाचं काय झालं असं त्यानं विचारलं, तर प्रत्येकानं घरातले बाकीचे सगळे चाललेत असंच सांगितलं. शेवटी पोलीस आले आणि त्यांनी आरडाओरडा करून एकेकाला खाली उतरवलं. अर्ध्या तासात गल्ली रिकामी झाली. राहिल्या फक्त पोलिसांनाही न बधलेल्या दोघी, आणि त्यातली एक अध्यक्षांच्याच घरात.

तेवढ्यात यास्नाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. ती खाली शहरात बेकरीत कामाला. रस्ता बंद झाल्यामुळे वर येऊ शकत नव्हती.

"आईला आधी खाली आण," ती म्हणाली. "बाकीची टेकडी मग वाचव. आणि आईला न घेता आलास तर तूही येऊ नकोस."

नोल्बेर्तो घरात शिरला. "आई, चला."

"मी राखणीला आहे."

"अहो, कागदावर काय लिहिलंय?"

"कागद तुझा, घर माझं. आणि ती सोइला बसलीय ना तिकडे? मी गेले की तिला रान मोकळं."

सोइला म्हणजे शेजारीण. दोघींच्या मधल्या भिंतीला लागून लिंबाचं झाड होतं. बुंधा ओर्फेलिनाच्या अंगणात, फांद्या सोइलाच्या. एवढ्या कारणावरून अकरा वर्षं दोघींचा अबोला. नोल्बेर्तो धावत पलीकडे गेला. दोन्या सोइला डोक्यावर ओला टॉवेल टाकून अंगणात खुर्चीवर बसली होती आणि तिनं हातातली नळी दाराकडे रोखली होती.

"दोन्या सोइला, अहो नळाला पाणी कुठंय?"

"ते चोराला काय ठाऊक?" ती म्हणाली. "ओर्फेलिना गेली की मी जाते."

मग नोल्बेर्तोच्या फेऱ्या सुरू झाल्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, उजवा गुडघा कुरकुरणारा, राख डोक्यावर पडतेय, आणि हा या घरातून त्या घरात निरोप पोचवतोय. आधी सोइला निघणार, असं त्यानं इकडे सांगितलं. तर ती मागच्या दारानं परत येईल, अशी शंका निघाली. दोघींनी एकदमच बाहेर यायचं, असं ठरवलं. शिट्टी वाजली, दोन दारांतून दोन पाय बाहेर आले, दोघींनी एकमेकींचे पाय पाहिले आणि पाय परत आत गेले. मग किल्ल्या नोल्बेर्तोकडे द्यायच्या ठरल्या. त्यावर सोइलानं विचारलं की जावई कोणाचा? यात खोट काढायला जागाच नव्हती. गल्लीच्या तोंडाशी अग्निशमनवाल्यांची गाडी भोंगा वाजवत होती. आता आम्ही निघतो, असं त्यांनी दोनदा सांगून झालं. वरच्या नीलगिरीच्या रानातून चरचर आवाज यायला लागला.

नोल्बेर्तो सासूबाईंच्या उंबऱ्यावर मटकन बसला. गळ्यातली शिट्टी त्यानं काढून ठेवली.

"आई, मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "मला मरायचं नाहीये हो. पण तुम्हाला इथं टाकून माझा पाय निघत नाही."

आणि तो रडायला लागला. चांगला हुंदके देऊन.

ओर्फेलिनाबाई त्याच्याजवळ आल्या. "हे आधी सांगायचं सोडून कागद काय वाचून दाखवत होतास?" त्या म्हणाल्या. त्यांनी ओव्हन बंद केला, अर्धे कच्चे पाव फडक्यात बांधले आणि भिंतीपाशी जाऊन अकरा वर्षांनी हाक मारली.

"सोइला, ऊठ. पोरगा रडतोय."

"कोणाचा?"

"माझा जावई."

"आले," सोइला म्हणाली.

वणवा वरच्या ओढ्यापाशी वळला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत जायची परवानगी मिळाली. नोल्बेर्तो आदल्या रात्रीपासून टेकडीवर पहाऱ्याला होता, त्याच्या आदल्या रात्रीही. घरं होती, दारं होती, तोट्यासुद्धा होत्या. ही बातमी घेऊन तो धापा टाकत शाळेत गेला, जिथे सगळ्यांची सोय केली होती. खिडकीजवळच्या दोन खाटांवर दोघी पत्ते खेळत बसल्या होत्या. मध्ये चहाची किटली होती.

"आई, चला, घरी जायचं."

"कशाला?" ओर्फेलिनाबाई पत्त्यांतून मान वर न करता म्हणाल्या. "इथं चार वेळा चहा मिळतो. संध्याकाळी डॉक्टर येऊन रक्तदाब बघतो. आणि सोइलाला मी एकटीला टाकून येऊ होय?"

शाळेच्या बाई वही घेऊन आल्या. वहीत दोघींची नोंद सख्ख्या बहिणी अशी होती; बहिणींना शेजारशेजारच्या खाटा देतात म्हणे. सोमवारी वर्ग भरणार, तोवर राहिल्या तरी चालेल, असं बाई म्हणाल्या. नोल्बेर्तोनं समजावलं, हात जोडले, यास्नाचं नाव घेतलं. दोघींनी पुढच्या डावाचे पत्ते वाटले.

तो खाटेच्या कडेवर टेकला. तीन दिवसांत पहिल्यांदाच निवांत बसला होता. कुणीतरी त्याच्या हातात गरम सूपचा वाडगा दिला. त्यानं तो संपवला, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बाईंना हळूच विचारलं, "जावयाला खाट मिळते का हो?"